खाऱ्या पाण्यात हात

भर दुपारी मिठाच्या वाफ्यांकडे बघितलं की माणूस जमिनीवर चालतोय की हवेत, काही कळायचं नाही. ऊन वरून यायचं, साचलेल्या पाण्यावर आपटायचं आणि पुन्हा वर जायचं. लांबून येणाऱ्याला गुडघ्याखाली पायच नसायचे. बांधापलीकडचं छोटं चर्च तर अकरा वाजले की जमीन सोडायचं आणि चारच्या सुमाराला हळूच खाली येऊन बसायचं. नवीन माणसाला भोवळ यायची. जुन्यांना सवय झालेली.

धाकट्याला तर ते आवडायचं. त्या वेळात काही खरं वाटायचं नाही. मागच्या वर्षी झालं तेसुद्धा नाही.

दोघं भाऊ. बाप गेल्यावर चोवीस वाफे बारा-बारा करून वाटून घेतलेले. मोठ्याला सगळेच दादा म्हणायचे. धाकट्याला घरात धाकटा आणि वस्तीत ठिणगी. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याचं चुकलं नव्हतं. लहानपणी पतंग फाटला म्हणून यानं मांजा दातांनी तोडला होता आणि ओठ कापून घेतला होता. अजून खूण आहे.

वाफे वाटले, पण पाणी कसं वाटणार? भरतीचं पाणी तळ्यात घ्यायचं, तिथून एका पाटात, आणि पाटातून वाफ्यांत. पाटाच्या तोंडाशी जाड लाकडी फळी. ती उचलली की पाणी दोघांच्याही वाफ्यांना खेटून जाणार. म्हणून बापानं एक नियम घालून दिलेला. फळी उचलणाऱ्यानं आधी हाळी द्यायची, "पाणी सोडतोय". मग दहापर्यंत मोजायचं. दुसऱ्याच्या वाफ्याचं तोंड उघडं असेल तर त्यानं "थांब" म्हणून ओरडायचं. दहा होईपर्यंत थांब आलं नाही, तर फळी वर. बाप म्हणायचा, कागदावर लिहिलेलं माणूस फाडतो, तोंडानं बोललेलं फाडता येत नाही.

पिकत आलेल्या वाफ्यात कच्चं, कमी खारं पाणी शिरलं की मीठ गेलं. वीस-वीस दिवसांची वाट बघणं एका घटकेत विरघळतं. त्यामुळे दोघं घरात भांडले, चर्चच्या दारात भांडले, पण हाळीचा नियम कधी मोडला नाही.

मागच्या वर्षी मात्र दुसरंच मोडलं.

पिकलेलं मीठ फावड्यानं ओढून ढीग घालायचे दिवस होते. दादा बांधावरून जाता जाता थांबला, वाकला, धाकट्याच्या ढिगातला एक खडा चिमटीत धरून बघितला आणि गाडी भरणाऱ्या चार माणसांसमोर म्हणाला, "कच्चंच ओढलंस. तुला धीर म्हणून कसा तो नाहीच."

एवढंच. शिवी नाही, शाप नाही. धाकट्याच्या हातात लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं. पुढचं त्याला नीट आठवत नाही. आठवतो तो आवाज. ओला ओंडका पडल्यासारखा. दादा वाफ्यातच खाली बसला. डाव्या कानामागून रक्त मानेवर आलं, मानेवरून पाण्यात, आणि पांढऱ्याशुभ्र मिठात एक गुलाबी ढग पसरत गेला. दादा त्या ढगाकडे बघत राहिला. मग त्यानं खाऱ्या पाण्यानंच मान धुतली, उठला, आणि घरी गेला. कुणाकडे तक्रार नाही. वस्तीत गवगवा नाही. त्या गोष्टीवर तो त्यानंतर एक शब्दही बोलला नाही.

त्याच आठवड्यात रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खायचं; भावाशी वैर असताना ते घ्यायचं नसतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात बाकावरून सरकत आलं. धाकट्यानं ते घेतलं आणि एकही तुकडा न उचलता पुढे दिलं. त्याची बायको शेजारी होती. तिनं बघितलं. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही.

पाळकबुवा आठवडाभर सायकली दुरुस्त करायचे आणि रविवारी उपदेश. नखांतलं काळं वंगण कधी जायचं नाही. धाकटा त्यांच्याकडे चाक घेऊन गेला. चाक ठीकच होतं.

"पाळकबुवा, माझा राग जावा म्हणून प्रार्थना करा."

"करतो. पण ते देवाचं काम, त्याला वेळ लागेल. तोवर तू हाताचं काय करणार ते सांग."

"म्हणजे?"

"राग आला की हात कुठे ठेवणार? खिशात?"

"वाफ्यावर असतो तेव्हा खिसे नसतात."

"मग जागा शोध." बुवांनी चाक फिरवलं, कान लावून ऐकलं. "लोक म्हणतात, देवा मला संयम दे, आणि तोंड वासून बसतात. अरे, ते फळ आहे. झाड लावा, पाणी घाला, कीड काढा. मग कधीतरी लागतं. आणि चाकाला काही झालेलं नाही, घेऊन जा."

धाकट्यानं जागा शोधली. त्याच्या बारा वाफ्यांतला शेवटचा. तिथलं पाणी आटून आटून सगळ्यात जड झालेलं असायचं, तेलासारखं. मीठवाल्याच्या हाताला भेगा ठरलेल्या. राग डोक्यात चढायला लागला की धाकटा असेल ते काम टाकून त्या वाफ्यापाशी जायचा, गुडघे टेकायचा, मनगटांपर्यंत दोन्ही हात बुडवायचा आणि प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायचा. सबंध. घाई न करता. भेगांत मीठ शिरायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि आमेन म्हणेपर्यंत रागाला झोंबण्यापुढे जागाच उरायची नाही. मग तो हात बाहेर काढून उन्हात धरायचा. वाळले की बोटांवर पांढरी पूड यायची.

वस्तीतल्यांना गंमत. गाडी भरायला येणारा मुकादम तर मुद्दाम म्हणायचा, "ठिणगी, आज विझलास की नाही अजून? की बादली आणू?" बाकीचे हसायचे. धाकटा शेवटच्या वाफ्याकडे चालायला लागायचा आणि ते आणखी हसायचे.

संध्याकाळी बायको त्याच्या हातांना तेल चोळायची. त्यांची तान्ही पोर, छोटी, दोघांच्या मधे आडवी पडून त्याच्या बोटाशी खेळायची.

"आज चारदा का?"

"तीनदा."

"हातांवरून चार दिसतात. चौथी वेळ कुठे लपवलीत?"

तो हसायचा. पण ती सगळंच हसण्यावारी नेणारी नव्हती. एकदा ती म्हणाली, "एक सांगू? तुम्ही हात पाण्यात बुडवता, पण मनात दादांना रोज बडवता."

"मी? अगं, वर्ष होत आलं, बोट लावलं नाही कुणाला."

"बोटाचं कोण बोलतंय."

ती म्हणत होती ते खरं होतं. मनात यादी होती. बांधावर मागून हाक मारली, "दादा, येतोस का जेवायला?" तर दादा वळूनही बघायचा नाही. चर्चमध्ये शेजारी बसून "शांती असो" म्हटलं तर दादा समोर क्रुसाकडे बघत बसायचा. आणि कधी मात्र नीट उत्तर द्यायचा, जणू काही झालंच नाही. हेच जास्त लागायचं. म्हणजे मनात असलं तर बोलायचं, नसलं तर भिंत.

सगळ्यात खोल रुतलेलं वेगळंच होतं. छोटी पहिल्यांदा चार पावलं चालली त्या सकाळी धाकटा धावत बांधावर गेला होता. दादा पाठमोरा, मीठ ओढत होता. याला राहवेना. "दादा, पोरगी चालली. दादा, ऐकलंस का?" दादानं फावडं ओढलं, परत टाकलं, परत ओढलं. मान हलली नाही. धाकटा तसाच मागे फिरला. त्या दिवशी हात इतका वेळ पाण्यात होते की रात्री मूठ मिटेना. दोन दिवसांनी वहिनी छोटीसाठी फ्रॉक घेऊन आली, "कुणीतरी सांगितलं चालायला लागली म्हणून," असं म्हणाली. त्या 'कुणीतरी'वर धाकटा आठवडाभर जळला.

दुपारी झोपडीच्या सावलीत त्याचा डोळा लागला की एकच स्वप्न पडायचं. फावडं वर गेलेलं असायचं आणि खाली यायला लागायचं. येत राहायचं, येत राहायचं, ऊन बदलायचं, ढग यायचे, पक्षी यायचे, आणि फावडं अजून वाटेतच. दादा खाली वाकून मिठाचा खडा बघत असायचा. वर बघ, असं धाकट्याला ओरडायचं असायचं. आवाज फुटायचा नाही. जाग आली की चर्च हवेत असायचं.

असं करत वर्ष झालं. पाळकबुवांनी वाटेत सायकल थांबवली. "येत्या रविवारी भोजन आहे. काय म्हणतोस?"

"घेईन म्हणतो, बुवा. हात उठला नाही वर्षभर."

"हं," बुवा म्हणाले. आणखी काहीतरी म्हणणार होते, पण नुसते त्याच्या हातांकडे बघून पायडल मारून गेले.

बायकोला सांगितलं तेव्हा तिनं कपाटातला त्याचा पांढरा सदरा काढून उन्हात टाकला. तेच तिचं बोलणं.

शनिवार उजाडला. वारा नाही. पाणी इतकं स्थिर की वरचं आभाळ आणि खालचं आभाळ यांत शिवण दिसेना. धाकट्याचा सातव्या नंबरचा वाफा पिकला होता. वीस दिवसांचा. सकाळी त्यावर दुधावर येते तशी साय धरली होती आणि सायीखाली दाणे. मोठे, चौकोनी, स्वच्छ. यंदा त्यानं घाई केली नव्हती. दोनदा ओढावंसं वाटलं होतं, दोनदा हात आवरला होता. दादानं खडा उचलून बघावा असं मीठ होतं ते. खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच राखलेलं.

वाफ्याचं तोंड चिखलानं लिंपलेलं असतं. तो चिखल वाळून तडकला होता. धाकट्यानं जुना काढून टाकला आणि बाजूला बसून नवा मळायला घेतला. पायांखाली गार, डोक्यावर गरम. मळता मळता झापड येत होती. तेवढ्यात फळीवरून हाळी आली.

"पाणी सोडतोय."

धाकटा खडबडून उठला. "थांब," तो ओरडला.

फळी शंभर पावलांवर. दादा पाटावर उभा, डावी बाजू इकडे, नजर तळ्याकडे. पाय नव्हते, नुसतं कमरेवरचं धड झगझगीत हवेत टांगलेलं. त्याचे ओठ हलत होते. मोजत होता.

"दादा, थांब. तोंड उघडंय."

वर्षभरात थांब म्हणायची वेळच आली नव्हती. आपल्या वाफ्यांची तोंडं बंद ठेवण्यात धाकटा पक्का होता. आज पहिल्यांदा, आणि त्यानं दोनदा म्हटलं. छाती फुटेस्तोवर.

दादा वाकला. दोन्ही हातांनी फळी वर उचलली.

पाणी आवाज न करता आलं. मळकट, कडेला फेस. धाकट्यानं हातातला चिखल तोंडात कोंबला, तो वाहून गेला. आणखी कोंबला, तोही गेला. शेवटी तो स्वतःच तोंडात बसला, पाठ पाण्याला लावून, आणि पाणी त्याच्या दोन्ही कुशींवरून आत गेलं. साय फाटली. तिचे तुकडे होऊन काठाकाठानं फिरू लागले. खालचे दाणे आधी कोपऱ्यांत झिजले, मग गोल झाले, मग नाहीत. त्याच्या मांडीपाशी एक मोठा दाणा होता. त्यानं तो मुठीत धरला. मूठ उघडली तेव्हा ओलं होतं, एवढंच.

मग तो बांधावरून चालत होता. केव्हा उठला माहीत नाही. हातात फावडं होतं. ते केव्हा घेतलं, तेही माहीत नाही. पुढे दादा, छोटा, पाय नसलेला, आणि प्रत्येक पावलागणिक थोडा मोठा होत जाणारा. धाकट्याच्या डोक्यात काही नव्हतं. सगळं पांढरं. वाटेत त्याला वाटलं, हे तेच स्वप्न आहे. फावडं वाटेतच आहे. आता कधीही पोचेल.

त्याच वाटेवर शेवटचा वाफा होता.

पाय आपोआप थांबले. वर्षभराची सवय. पण हात उघडेना. त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवली, दुसऱ्या कुणाच्या हातातून सोडवावीत तशी. फावडं पडलं. त्यानं गुडघे टेकले, हात बुडवले.

प्रार्थना सुरू केली. आपणही दुसऱ्याला माफ करून सोडून दिलंय, असं जिथे म्हणायचं असतं तिथे अडकला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तो शब्द म्हणाला, पण तोंडानं, मनानं नाही, आणि ते देवालाही कळलं असणार. आमेन झालं. राग तसाच होता. नुसता हातांतून गेला होता.

"एवढंच देतोस का," तो पाण्याकडे बघून म्हणाला. मग उठला, फावडं तिथेच ठेवलं, आणि गेला.

दादा उकिडवा बसून पाटाची कड थापत होता. पाठमोरा. धाकटा मागून, डाव्या अंगानं, दोन हातांवर येऊन उभा राहिला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. आवाज निघाला तो हलका निघाला.

"दादा, का केलंस?"

दादानं चिखलाचा गोळा थापला.

"दादा."

गोळा थापला. बोट ओलं करून कड गुळगुळीत केली.

"मी इथे उभा आहे, दादा."

काही नाही. भिंत. वर्षभराची सगळी यादी एका दमात वर आली. छोटीची चार पावलं, पाठमोरी मान, ओढलं जाणारं फावडं. आता जवळ खारं पाणी नव्हतं. आणि धाकट्याचा हात उठला. मारायला नाही, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. खांद्याला धरून गर्रकन फिरवायला. पण तो कुठे जाऊन थांबला असता, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

सूर्य पाठीमागे होता. उठलेल्या हाताची सावली दादाच्या मानेवर पडली. तिथून कानावर. कानामागे दोन बोटं लांब पांढरी खूण होती. ती धाकट्यानं एवढ्या जवळून कधी बघितली नव्हती. वर्षभर त्यानं त्या बाजूला बघायचंच टाळलं होतं. सावलीची बोटं त्या खुणेवर बरोब्बर बसली, हातमोजा बसावा तशी.

तो हात खाली आणायला किती वेळ लागला सांगता येत नाही. कदाचित तुम्ही दहापर्यंत मोजाल तेवढाच. पण वर्षभरात पाण्याबाहेर, मिठाशिवाय, असा तो पहिल्यांदा खाली आला. धाकट्यानं तो दुसऱ्या हातात धरला, पाटात उतरला, आणि वळसा घालून दादाच्या समोर आला.

दादा एवढा दचकला की मागे बसलाच. "अरे, कधी आलास? हाक तरी मारायचीस."

"मारली."

"कधी?"

"तीनदा. इथे मागे उभा राहून."

दादाच्या तोंडावरचं हसू अर्धंच राहिलं. त्यानं धाकट्याकडे बघितलं. कमरेपर्यंत चिखल, शर्टाला चिकटलेली सायीची खपली. मग त्याची नजर फळीवर गेली, तिथून सातव्या वाफ्यावर.

"तोंड उघडं होतं?"

"हो."

"ओरडलास?"

"दोनदा."

दादाचा हात डाव्या कानाशी गेला, माशी बसल्यासारखा, आणि तिथेच राहिला.  पुढचं सांगायची गरजच नव्हती. धाकट्याच्या डोक्यात यादी उलटी फिरू लागली. चर्चमधला बाक. तो नेहमी दादाच्या डाव्या बाजूला बसायचा. बांधावरची हाक, डावीकडून. छोटीची चार पावलं, पाठीमागून, डावीकडून. एकेक गोष्ट येत होती आणि दाण्यासारखी विरघळत होती, आणि मुठीत फक्त ओलं राहत होतं.

तो पाटाच्या पाण्यात खाली बसला. "कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? त्याच दिवसापासून."

"अजिबात नाही?"

"समुद्रासारखं वाजतं आत. बाकी काही नाही. उजवा जेमतेम चालतो, समोरून बोललं की भागतं."

"सांगितलं का नाहीस? वर्षभर?"

दादानं चिखलाचा हात गुडघ्याला पुसला. "पहिल्यांदा रागात होतो. तू त्या पाण्यात हात घालून बसायचास, मला वाटायचं, जाऊन सांगावं, घाल, आणखी घाल, माझा कान गेलाय. रोज जिभेवर यायचं. पण तसं सांगितलं असतं तर तो फटकाच झाला असता ना. मग म्हटलं, राग गेला की सांगू. शांतपणे, भावाला सांगावं तसं."

"मग?"

"मग काय. अजून पुरता गेला नव्हता."

 वर एक पांढरा पक्षी होता आणि खाली पाण्यात त्याचा जोडीदार.

"छोटी चालली तेव्हा मी सांगायला आलो होतो," धाकटा म्हणाला. 

"काय?" दादानं उजवा कान पुढे केला.

"छोटी चालली. चार पावलं. तुला सांगायला आलो होतो."

दादानं मान खाली घातली. "मला कुणी सांगितलं नाही म्हणून मी घरी हिच्यावर चिडलो. म्हटलं, धाकट्याच्या मनात अजून आहे. पोर चालली तरी सांगितलं नाही."

वहिनी जेवणाचा डबा घेऊन बांधावरून येत होती, पाय नसलेली, हळूहळू पाय फुटत जाणारी. दोघांना पाण्यात समोरासमोर बसलेलं बघून ती थबकली. पहिल्यांदा तिनं दोघांच्या हातांत फावडं नाही ना ते बघितलं. मग धाकट्याचा चेहरा.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मला शपथ घातली होती. आणि भाऊजी, ते ऐकत असतील असं समजून तिकडून काही बोलू नका. या उजव्या बाजूला या. डाव्या बाजूनं मी भांडतसुद्धा नाही, दम फुकट जातो."

दादा हसला. धाकट्याला हसू आलं आणि त्याबरोबर दुसरंही आलं. त्यानं तोंड धुवायच्या निमित्तानं पाण्याची ओंजळ घेतली. ते कच्चं पाणी होतं, फारसं झोंबत नव्हतं.

मग तिघांनी मिळून सातव्या वाफ्याचं तोंड लिंपलं. पाणी आत गेलं ते गेलंच. आता पुन्हा वीस दिवस. दादानं वाफ्यात हात घालून तळाचा गाळ चिमटीत घेतला. एका कोपऱ्यात चार-दोन दाणे वाचले होते. त्यातला एक त्यानं उन्हात धरून बघितला, बराच वेळ.

"पिकलं होतं," तो म्हणाला. "चांगलं पिकलं होतं रे."

 दादानं तो दाणा खिशात टाकला.

"आता हाळी दिलीस की माझ्याकडे बघत जा," धाकटा उजव्या बाजूला येऊन म्हणाला. "तोंड उघडं असलं तर मी हात वर करीन."

"तुझा हात वर दिसला तर मी फळी टाकून पळेन."

"दादा."

"बरं, बघेन. बघेन म्हटलं ना."

रविवारी सकाळी चर्च जमिनीवरच होतं. अजून ऊन चढलं नव्हतं. धाकट्यानं पांढरा सदरा घातला, पण वाटेत तो बायकोला म्हणाला, "आज घेऊ की नको कळत नाही. काल हात उठला होता."

"मग खाली कुणी आणला?"

"तेच कळत नाही."

"तर मग घ्या," ती म्हणाली आणि छोटीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

बाकावर तो दादाच्या डाव्या बाजूला बसला, नेहमीसारखाच. वहिनीनं उजवीकडे सरकायला जागा केली, पण तो म्हणाला, नको, या बाजूला कुणीतरी पाहिजे. पाळकबुवांनी भाकर मोडली. ताट डाव्या टोकाकडून निघालं. हळू, हातातून हातात. गाणं चाललं होतं आणि दादा अर्ध्या ओळीनं मागे होता. वर्षभर धाकट्याला वाटायचं, मुद्दाम मागे राहतो. आज त्यानं स्वतःच आपला सूर हळू केला आणि दादाबरोबर मागे राहिला.

ताट त्याच्या हातात आलं. दादाचे डोळे मिटलेले. बुवा काय म्हणाले ते त्याला ऐकू गेलं नव्हतं, ताट आल्याचंही कळलं नव्हतं. धाकट्यानं ताट एका हातात धरलं आणि दुसरा हात उचलला. भेगाळलेला, अजून पांढरट. तो त्यानं दादाच्या खांद्यावर ठेवला.

दादानं डोळे उघडले. ताटाकडे बघितलं, मग हाताकडे. घ्यायला पुढे झाला नाही.

"आधी तू," तो म्हणाला. ज्याला एका कानानं ऐकू येतं त्याला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. सगळ्या चर्चनं ऐकलं.

धाकट्यानं तुकडा उचलला आणि तोंडात घातला. बोटांवरचं मीठ लागलं असणार. खारट होता.